प्रॉम्प्टरची वही

सप्टेंबर सरत आला की टोरांटोत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. झाडं लाल व्हायला लागतात आणि मराठी माणसं दिवाळीच्या नाटकाच्या तालमी धरतात. पहिली गोष्ट बघायला लोक लांबलांबून गाड्या घेऊन येतात. दुसरीला नट सुद्धा पुरे येत नाहीत. कोणाची शिफ्ट असते, कोणाला विंटर टायर्स बसवून घ्यायचे असतात, कोणाच्या मुलाचं हॉकी असतं. तरी दरवर्षी कुठल्यातरी बेसमेंटमध्ये, ओल्या कोटांच्या आणि इन्स्टंट कॉफीच्या वासात, कोणीतरी वही उघडतं आणि म्हणतं, "चला, पहिला प्रवेश."

मी या नाटकांत कधी तोंडाला रंग लावला नाही. मी प्रॉम्प्टर. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हापासून प्रॉम्प्टर. चेहरा न दाखवता बोलायचं, आणि तेही दुसऱ्याचं वाक्य, हे माझ्या स्वभावाला मानवतं. माझी बायको सुलभा म्हणते, "तुम्ही घरात सुद्धा विंगेतूनच बोलता." खरं आहे ते. पण परवाच्या तालमीत असं काही झालं की आता विंगेत उभं राहवत नाही. ते सांगणारच आहे. त्याआधी सात वर्षांपूर्वीचा, १९७८ सालचा फॉल सांगायला हवा.

त्या वर्षी आम्हाला हॉल मिळवून दिला फ्रान्सिसनं. फ्रान्सिस वसईचा. रविवारी तो ज्या चर्चला जायचा ते पोलिश लोकांचं होतं आणि त्याच्या तळघरात एक खराखुरा रंगमंच होता, पडद्याबिडद्यासकट. पडद्याची मखमल गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत झिजून टकली झाली होती, पण ओढला की असा काही सळसळायचा, की शाळांच्या जिममध्ये नाटकं करून कंटाळलेले आम्ही सगळे क्षणभर गप्प व्हायचो. हॉलची देखभाल एक म्हातारा करायचा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, झाडतानासुद्धा टाय लावलेला. मिस्टर झारेम्बा.

दुसऱ्याच तालमीला सुलभाच्या हातून वही पडली. ती आमची नायिका. आपण करतो तेच ती करायला गेली, म्हणजे वाकून वही उचलून कपाळाला लावायला गेली. तेवढ्यात हॉलच्या टोकाकडून झाडू टाकून म्हातारा धावला. "नो, नो, वेट!" असं ओरडत रंगमंचावर चढला आणि त्यानं आपला बूट वहीवर ठेवला. चुकून नव्हे. नीट, जोर देऊन.

एकच गलका.

"अहो, हा काय करतोय! सरस्वती आहे ती!"

"फ्रान्सिस, तुझाच ना हा माणूस? विचार, डोकं ठिकाणावर आहे का!"

"माझा कसला? मी वसईचा, तो पोलंडचा. एका चर्चला जातो म्हणून काय सोयरे झालो?"

म्हाताऱ्यानं मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत समजावलं. नाटकाची वही पडली की आधी पायाखाली घ्यायची, मग उचलायची. नाहीतर तेच नाटक प्रयोगाच्या दिवशी लोकांसमोर आपटतं. "आमच्या थिएटरात राजाचं काम करणारा नटही असंच करायचा. बिशपच्या समोर केलं होतं एकदा!"

"आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तर पाप," सुलभा म्हणाली.

त्यानं गंभीरपणे विचार केला. "मग असं करू. आधी माझा पाय, मग तुझं डोकं. दोन्हीकडचे देव खूश."

त्यानंतर तालमीत वही पडली की कोणीतरी हाक मारायचं, "झारेम्बासाहेब, बूट!" आणि ते झाडू भिंतीला टेकवून यायचे. सुलभाची भीड गेली. मला तर वाटतं, पुढे पुढे ती मुद्दाम पाडायची.

मी विंगेत उभा राहून वाक्यं पुरवतो हे त्यांच्या लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही सुफ्लेर?" प्रॉम्प्टरला ते सुफ्लेर म्हणायचे. मी मान डोलावली. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. "मी पण. कोलेगा!" कोलेगा म्हणजे एकाच धंद्यातला. त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

हॉलच्या मागे झाडू-बादल्यांची एक खोली होती. तालीम सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मी तिथे जायचो. रेडिएटरवर त्यांची चहाची काचेची ग्लासं गरम होत ठेवलेली असत. खिडकी जमिनीच्या पातळीवर होती. तिच्यातून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट आणि लोळत चाललेली पानं दिसायची. त्या खोलीत बसून मी एक थिएटर पाहिलं. खरं सांगायचं तर आयुष्यात इतकं नीट मी दुसरं कुठलंच थिएटर पाहिलेलं नाही.

पोलंडच्या पश्चिमेकडच्या एका शहरातलं ते थिएटर. ते शहर तेव्हा परक्या बादशहाच्या ताब्यात होतं. शाळेत परकी भाषा, कचेरीत परकी भाषा. लोकांनी ठरवलं, आपण एक जागा बांधू जिथे आपली भाषा मोठ्यानं बोलता येईल. कोणी विटा दिल्या, कोणी लाकूड. एका चांभारानं पहिल्या रांगेच्या खुर्च्यांचं कातडं दिलं. धोबिणींनी मिळून पडदा शिवला. परवानगी मिळाली ती एका अटीवर, की रस्त्यावरून हे थिएटर दिसता कामा नये. म्हणून ते दोन दुकानांमधल्या बोळाच्या आत, चौकात बांधलं. बाहेर पाटीसुद्धा नाही. "पण कोलेगा, गावातलं चार वर्षांचं पोर सुद्धा तो बोळ दाखवायचं."

आपला प्रॉम्प्टर विंगेत असतो. त्यांचा रंगमंचाच्या पोटात. अगदी पुढे, मधोमध, फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक आणि त्यावर कासवाच्या पाठीसारखं झाकण. प्रेक्षकांना फक्त पाठ दिसते. आत बसलेल्या माणसाचं डोकं नटांच्या घोट्यांच्या पातळीवर. "मी राजे, राण्या, संत, सगळे खालून पाहिले," ते म्हणायचे. "राजाच्या मोज्याला भोक असतं. हे फक्त सुफ्लेरला माहीत."

आणि मग एके दिवशी त्यांनी मेणकापडात गुंडाळलेली ती वही काढली.

त्या थिएटरात दर सीझनचं पहिलं नाटक ठरलेलं असायचं. एका जुन्या राजाचं, पद्यात लिहिलेलं. त्याची ही हातानं उतरवलेली वही एका प्रॉम्प्टरकडून दुसऱ्याकडे जायची. मधोमध नाटक आणि चारी बाजूंच्या कोऱ्या जागेत, बारीक पेन्सिलीनं, प्रत्येक प्रॉम्प्टरनं प्रयोगाबद्दल लिहिलेलं. पाच-सहा हस्ताक्षरं होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. ते बोट ठेवून सांगायचे. इथे लिहिलंय, आज थंडीनं शाई गोठली. इथे, राणीला बाळ झालं, तिचं काम तिच्या आईनं केलं. इथे, दिवे गेले, लोक जागेवर बसून राहिले, दुसरा अंक अंधारात झाला.

एका पानावर चार ओळींवर लाल शाईनं आडवी रेघ मारलेली होती. बादशहाच्या सेन्सॉरची. राजा आपल्या प्रजेला 'उठा' म्हणतो त्या ओळी. त्या म्हणायच्या नाहीत. ठीक आहे. त्या संध्याकाळी राजा त्या जागेपर्यंत आला आणि थांबला. नुसता उभा राहिला. खोक्यात प्रॉम्प्टर ओठ हलवत त्या चार ओळी मनात वाचत होता, त्यांना जितका वेळ लागतो तितका वेळ. मग त्यानं पुढचं वाक्य दिलं आणि नाटक पुढे गेलं. शेजारी पेन्सिलीत लिहिलेलं, 'मौन. चार ओळी. सगळ्यांना ऐकू आल्या.'

त्याखाली वेगळ्या अक्षरात, दुसऱ्या वर्षाची नोंद: 'आजही.' त्याखाली 'आजही.' झारेम्बांचं बोट खाली सरकत गेलं. आजही, आजही, आजही. सेन्सॉर बदलले, नट म्हातारे झाले, मेले, प्रॉम्प्टर बदलला, अक्षर बदललं. पानाच्या अगदी तळाशी जरा मोठं लिहिलेलं होतं. देश स्वतंत्र झाल्यावरचा पहिला प्रयोग. 'आज म्हटल्या. राजा विसरला. मी सांगायच्या आत सगळं थिएटर सांगत होतं.'

मी सांगलीहून डिग्री घेऊन आलेला, पॅकिंगची यंत्रं बसवणारा माणूस. खिडकीबाहेर कोणाचेतरी बूट पानं तुडवत गेले. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी बाह्या खाली ओढल्या.

शेवटची नोंद झारेम्बांची स्वतःची. 'रंगीत तालीम झाली. प्रयोग पाच दिवसांनी.' त्या पाच दिवसांत युद्ध सुरू झालं. शत्रूच्या सैनिकांनी थिएटरातले कागद चौकात जाळायला काढले तेव्हा हे सफाईवाला बनून आत गेले आणि वही सदऱ्यात घालून बाहेर आले. मग वेठबिगार, परक्यांच्या शेतावर. मग निर्वासितांची छावणी. मग जहाज, कॅनडा, टोरांटोजवळच्या किचनर गावात फर्निचरचा कारखाना, बायको, मुलगी हालिना, बायकोचं जाणं, आणि हा झाडू. वही कायम सोबत. तिकडे युद्धानंतर थिएटर पुन्हा सुरू झालं म्हणे. छप्पर नव्हतं, पहिल्या प्रयोगाला रंगमंचावर बर्फ पडत होता, प्रेक्षक येताना एकेक कोळशाचा तुकडा घेऊन आले आणि तो बोळातल्या शेगडीत टाकून आत गेले. हे त्यांना एका जुन्या सोबतिणीच्या पत्रातून कळलेलं. तीही आता नव्हती.

"आज खोक्यात कोण बसतं मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण कोणीतरी बसत असेल. पुढची नोंद त्यानं लिहायला हवी. टपालानं पाठवली तर तिकडची सरकारी माणसं उघडतील, ठेवून घेतील. कोलेगा, तुम्ही पुढच्या महिन्यात पोलंडला जाताय ना?"

जात होतो. आमच्या कंपनीनं तिकडच्या एका कारखान्याला यंत्रं विकली होती. ती बसवायला दोन आठवडे. ते शहर तिथून रेल्वेनं दोन तासांवर.

"नक्की देतो," मी म्हटलं. वही कपाळाला लावली. ते हसले आणि माझ्या पाठीत गुडघ्यानं हलकेच एक ढुसणी दिली. शुभेच्छा म्हणून ते नटांना असं करत.

आता पुढचं. हे मी सुलभालाही सांगितलेलं नाही.

विमानतळावर कोणी माझी बॅग उघडली नाही. रविवारची सुट्टी होती. मी गेलो त्या शहरात. बोळ सापडला. एका बाजूला टोप्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बंद काचा. दुपारचा खेळ असावा. माणसं येत होती, ओल्या लोकरीचा वास येत होता, बायकांनी पावसाचे बूट पिशवीत घालून साधे जोडे चढवले होते. बोळाच्या तोंडाशी एक पोलीस सिगरेट पेटवत उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. काळा माणूस, हातात ब्रीफकेस, ब्रीफकेसमध्ये हातानं लिहिलेले पोलिश कागद. माझा कॅनडाच्या सिटिझनशिपचा अर्ज सरकारदरबारी होता, मुलाखत महिन्यावर. निघताना मॅनेजर म्हणाला होता, तिकडे कोणाचे कागदबिगद बाळगू नका. तिकिटं फाडणारी बाई मला हातानं 'या, या' करत होती. मी घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि वळलो.

कोणी अडवलं नाही. कोणी काही विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण सात वर्षं मी मनातल्या मनात त्या पोलिसाला मोठा करत आणलाय. तो सिगरेट ओढत होता, बस्स.

परत आलो तेव्हा दिवाळी होती. त्या वर्षी दिवाळी आणि पोलिश लोकांचा मृतांचा दिवस लागून आले होते. झारेम्बांनी मला बायकोच्या कबरीवर चला म्हटलं. चार-साडेचारची वेळ, उजेड उतरत होता. सगळ्या स्मशानभर लाल काचेच्या भांड्यांत मेणबत्त्या लावलेल्या. पाडव्याला घरी लावलेल्या पणत्या मी सकाळीच पाहिल्या होत्या आणि इथे पुन्हा तेच, ओळीनं, टेकडीपर्यंत. वाळलेली पानं आणि मेण यांचा वास. त्यांनी मेणबत्ती लावली, सरळ झाले.

"दिली?"

"दिली," मी म्हटलं.

"कोणाला?"

"एक बाई होत्या. वयस्कर. आता त्या बसतात खोक्यात."

"वही बघून काय केलं तिनं?"

"दोन्ही हातांनी घेतली. कपाळाला लावली."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मेणबत्त्यांकडे. "कपाळाला," ते हळू म्हणाले. आणि मग, "तुम्हाला आत नेलं असेल तिनं. बोळातून गेलं की डावीकडे जिना."

"हो, डावीकडे."

"सात पायऱ्या."

"सात."

"खाली अंधार. मेणाचा वास."

"हो, मेणाचा वास होता."

"बसायला लाल उशी. फाटलेली."

"लाल. फाटलेली."

"आणि वर बघितलं तर, फळ्यांतून, उजेडाच्या रेघा."

"हो," मी म्हटलं, आणि शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला त्या रेघा दिसल्या. "उजेडाच्या रेघा."

"छान," ते म्हणाले. "फार छान, कोलेगा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही फाटकापर्यंत तसेच चालत गेलो. मला वाटलं, सुटलो. मला असंही वाटलं, की मी बरं निभावलं.

त्यानंतर वर्षभरात ते गेले. मी प्रार्थनेला मागच्या बाकावर बसलो. फ्रान्सिस बरोबर होता. तो हळूच म्हणाला, "तू त्याची शेवटची इच्छा पुरी केलीस बाबा, पुण्य लागेल तुला." वही माझ्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे, बॅगेत होती. मी तिला सात वर्षांत हात लावला नाही. बेसमेंटमध्ये जायचं झालं तर मी त्या बाजूचा दिवा लावत नसे.

परवाच्या तालमीत नवीन आलेल्या एका मुलीच्या हातून वही पडली. मृण्मयी, लग्न होऊन किचनरला आलेली. तिनं पटकन उचलली आणि कपाळाला लावली. पायबिय काही नाही. आता तो हॉल नाही, झारेम्बा नाहीत. मी पुढचं वाक्य द्यायचं सोडून तिच्या कपाळाकडेच बघत राहिलो.

पोलंडमध्ये पुस्तक कपाळाला कोण लावतं?

जन्मभर थिएटरात काढलेल्या माणसाला मी सांगितलं होतं, की त्याच्या थिएटरातल्या म्हाताऱ्या बाईनं वही कपाळाला लावली. खोटं बोलायला माझ्याकडे माझ्या आईची सवय सोडून दुसरं काही नव्हतं. त्याला त्याच क्षणी कळलं. आणि त्यानं काय केलं? मला जिना दिला. पायऱ्या दिल्या, उशी दिली, उजेड दिला. नट रंगमंचावर उघडा पडला होता आणि त्यानं खालून, अगदी हळू, एकेक वाक्य हातात दिलं. मी ते घेत गेलो आणि मला वाटत राहिलं, की मीच बोलतोय.

मी सत्तावीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. असं मला एकदाही जमलेलं नाही.

रविवारी बॅग काढली आणि हालिनाकडे गेलो. ती मिसिसागाला राहते, एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात काम करते. "तुम्ही बाबांचे कोलेगा ना?" म्हणत तिनं दार उघडलं. सूप उकळत होतं. मी कोटही न काढता वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पोलिसाची सिगरेट सुद्धा. वही आता तिच्याकडेच आहे. उन्हाळ्यात ती घेऊन जाणार आहे आणि मला म्हणाली, बोळ दाखवायला तरी चला. मी हो म्हटलंय. सुलभालाही आता सांगावं लागेल.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. माझं बोलणं झाल्यावर हालिनानं गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच सुपावर झाकण ठेवलं.

"त्या दिवशी स्मशानातून आल्यावर," ती म्हणाली, "बाबांनी टाय सोडला, चहा मागितला, आणि म्हणाले, आज एकोणचाळीस वर्षांनी मी काम केलं. मी विचारलं, कसलं काम? तर म्हणे, सुफ्लेरचं. नट काही खास नव्हता, पण शेवटपर्यंत पोचवला."

मी खाली बघितलं.

"त्या दिवशी टोरांटोत कुठलंच पोलिश नाटक नव्हतं. मी खात्री करून घेतली. मग डॉक्टरकडे नेलं त्यांना. हॉलच्या चाव्या काढून घेतल्या. बाहेर एकट्याला सोडलं नाही. त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही, की नट कोण होता." ती वळली. डोळे भरले होते, पण ती हसत होती, अगदी त्यांच्यासारखी, एका बाजूनं. "सात वर्षं मी लोकांना सांगतेय, शेवटी शेवटी बाबांना भ्रम झाला होता. नव्हता झाला. ते कामावर होते."